ग्राफिक्स मेमरी : किती हवी आणि कशासाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की अमरावती-अकोल्याच्या संगणकाच्या दुकानांतून गर्दी होऊ लागते. घरात पहिला संगणक घ्यावयाचा असतो. किती पैसे घालावयाचे हे घरून ठरवून आलेले असते. नेमक्या त्याच वेळी दुकानदार सांगतो, "याच्यात चार जीबीचं ग्राफिक्स आहे. थोडे पैसे जास्त लागतीन, पन आठ जीबीचंच घेऊन टाका भाऊ!" हे 'थोडे' पैसे पुष्कळदा काही हजारांच्या घरात जातात. ज्या घरी संगणकाचा पैसा कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या हंगामातून येतो, तेथे ही रक्कम लहान नव्हे. शाळेसाठी वीस संगणक घ्यावयाचे असतील, तर तिला वीसने गुणावे लागते.

मग ही वाढीव मेमरी घ्यावी की न घ्यावी? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या मतावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. त्यासाठी लागणारे गणित बहुतांशी गुणाकाराचे आहे. आपण ते क्रमाक्रमाने करून पाहू.

एका चित्राला किती जागा लागते?

संगणकाच्या पडद्यावरील चित्र अनेक लहान ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना चित्रबिंदू म्हणतात. आज सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० चित्रबिंदू असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० चित्रबिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून तयार होतो. प्रत्येक प्रकाशाची तीव्रता ० ते २५५ यांपैकी एका संख्येने दाखवितात आणि अशी एक संख्या साठविण्यास एक बाइट पुरतो. तीन रंगांचे तीन बाइट. मोजणीच्या सोयीसाठी त्यांत आणखी एकाची भर घालून प्रत्येक बिंदूला चार बाइट देण्याची पद्धत आहे.

तेव्हा संपूर्ण पडद्याला लागणारी जागा २०,७३,६०० × ४ = ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ८ एमबी होते. आता ४ जीबी म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट. या संख्येला वरच्या संख्येने भागले तर ५१७ येतात. चार जीबीच्या ग्राफिक्स मेमरीत पडद्यावरची पाचशे सतरा संपूर्ण चित्रे एकाच वेळी मावतील!

प्रत्यक्षात एक चित्र दिसत असताना दुसरे तयार होत असते आणि उघडलेल्या प्रत्येक खिडकीचे चित्र निराळे ठेवावे लागते. हे सर्व धरले तरी पत्र लिहिणे, गुणपत्रक करणे, एमएस-सीआयटीचा अभ्यास किंवा एखादे व्याख्यान पडद्यावर पाहणे या कामांची गरज काही शे एमबींत भागते. केवळ 'चित्र स्पष्ट दिसावे' म्हणून कोणी आठ जीबी घेत असेल, तर त्याला त्या पैशातून काही मिळणार नाही.

हाच प्रश्न पूर्वी

एके काळी मात्र पडद्यावर काय दिसावे हे या मेमरीवरच ठरत असे. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या एकरंगी कार्डावर फक्त ४ केबी, म्हणजे ४,०९६ बाइट मेमरी होती. पडद्यावर २५ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे २,००० जागा. प्रत्येक जागेला दोन बाइट : एक अक्षरासाठी आणि एक ते ठळक, अधोरेखित वगैरे कसे दाखवावयाचे यासाठी. एकूण ४,००० बाइट. चार केबी पुरे झाले!

त्याच संगणकाच्या रंगीत कार्डावर १६ केबी मेमरी होती. ३२० × २०० = ६४,००० चित्रबिंदू आणि प्रत्येकाला दोन बिट, म्हणजे १६,००० बाइट. दोन बिटांत चारच संख्या बसतात, म्हणून रंगही चारच. १९८७ मध्ये व्हीजीए पद्धत आली. ६४० × ४८० बिंदू, प्रत्येकी चार बिट, म्हणजे १६ रंग. त्यासाठी १,५३,६०० बाइट लागत आणि कार्डावर २५६ केबी असत.

पुढे १९९० नंतरच्या दशकात एक एमबीची कार्डे आली. त्यांवर ८०० × ६०० बिंदूंचे चित्र पूर्ण रंगांत, म्हणजे दर बिंदूला तीन बाइट देऊन दाखवावयाचे, तर १४,४०,००० बाइट हवेत. एक एमबी म्हणजे तर १०,४८,५७६ बाइट. चित्र मावत नसे. काही कार्डांवर जादा चिप बसविण्यासाठी मोकळ्या खाचा असत. तेथे आणखी एक एमबी बसविली, की तेच चित्र पूर्ण रंगांत दिसू लागे. 'पैसे घालावे का?' या प्रश्नाचे उत्तर तेव्हा एका गुणाकारात मिळत असे.

कामासाठी कार्ड घेण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या देवनागरी लिपीचे आहे. त्या काळच्या संगणकाच्या अक्षरसंचात २५६ आकृत्यांना जागा होती आणि त्यांत देवनागरी नव्हती. शिवाय आपली जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या यांची जुळणी रोमन अक्षरांसारखी एकापुढे एक मांडून होत नाही. ही अडचण सोडविण्यासाठी कानपूरच्या आयआयटीत संशोधन झाले. १९८८ मध्ये पुण्याला 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे पुढे गेले. तिचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे मूळचे आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात जन्मलेले. तेथून आलेले 'जिस्ट' कार्ड संगणकात बसविले, की पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. हे कार्ड घेणाऱ्याला आपण पैसे कशासाठी देतो आहोत हे नेमके ठाऊक होते. आजही खरेदीचा नियम तोच ठेवावयास हवा.

मग जीबी लागतात कोठे?

पडद्याला ८ एमबी पुरत असतील, तर कार्डावर हजारो एमबी कशासाठी ठेवतात? याचे मोठे कारण त्रिमितीय चित्रण हे आहे. खेळातील एखादा वाडा डोळ्यांपुढे उभा करावयाचा तर भिंत, फरशी, दार यांचे पृष्ठभाग खरे वाटले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक पृष्ठभागावर एक चित्र चिकटवितात. त्याला टेक्स्चर म्हणतात. असे एक टेक्स्चर ४०९६ × ४०९६ बिंदूंचे असेल, तर चार बाइटप्रमाणे त्याला ६४ एमबी लागतात. पडद्याच्या आठपट!

शिवाय भिंत दूर गेली की लहान चित्र वापरणे सोयीचे असते. म्हणून प्रत्येक टेक्स्चरच्या निम्म्या बाजूची, पाव बाजूची, अशा क्रमाने लहान होत जाणाऱ्या प्रती बरोबर ठेवतात. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होते. तेव्हा एकूण जागा १ + १/४ + १/१६ + १/६४ + … पट झाली. अकरावीच्या विद्यार्थ्यांना ही भूमिती श्रेढी ओळखता येईल. तिची बेरीज ४/३ येते. म्हणजे ६४ च्या जागी सुमारे ८५ एमबी. अशी पन्नास टेक्स्चरे घेतली की ४,२६७ एमबी होतात आणि ४ जीबी, म्हणजे ४,०९६ एमबी, अपुरे पडतात. यावर उपाय म्हणून टेक्स्चर दाबून ठेवतात. दर बिंदूला चारऐवजी एकच बाइट लागेल अशी पद्धत वापरली, तर हीच पन्नास टेक्स्चरे सुमारे १,०६७ एमबींत बसतात. खेळात 'टेक्स्चर : उच्च, मध्यम, निम्न' असे पर्याय असतात, ते हीच जागा कमी-जास्त करण्यासाठी होत.

टाकी आणि नळ

अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते, तर अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचे. धरण मोठे असले तरी ते दूर असते. आपले रोजचे काम घरातील टाकीवर चालते. ग्राफिक्स मेमरी ही घरची टाकी समजा, संगणकाची मुख्य मेमरी म्हणजे रॅम हे धरण समजा आणि दोहोंना जोडणारी पीसीआय एक्स्प्रेस नावाची वाट ही शहरातून येणारी वाहिनी समजा.

टाकी पुरेशी असेल तोवर सर्व सुरळीत चालते. ती संपली की धरणातून पाणी येण्याची वाट पाहावी लागते. आता आकडे पाहू. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या सोळा पदरी वाटेवरून एका सेकंदास सुमारे १६ जीबी माहिती जाते. मध्यम प्रतीच्या कार्डावरील स्वतःच्या मेमरीतून सेकंदास २२४ जीबी माहिती मिळू शकते. म्हणजे १४ पट फरक. खेळात सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या चित्रासाठी लागणारी १ जीबी माहिती कार्डावर मावली नाही आणि ती रॅममधून आणावी लागली, तर केवळ आणण्यास ६२ मिलिसेकंद जातील. तेवढ्या वेळात जवळजवळ चार चित्रे पडद्यावर यावयास हवी होती. ती न आल्यामुळे खेळ अडखळतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. ग्राफिक्स मेमरी कमी पडली, तर काम एकदम अडते. गरजेपेक्षा जास्त झाली, तर वेग तिळमात्र वाढत नाही. घरात दोन टाक्या बसविल्या म्हणून नळाची धार मोठी होत नाही. धार नळाच्या रुंदीवर व दाबावर ठरते.

ही धार मोजण्याचे सूत्र सोपे आहे. मेमरीची वाट जितक्या बिटांची रुंद असेल, त्या संख्येला ८ ने भागावे आणि दर तारेवरील वेगाने गुणावे. याचे एक बोलके उदाहरण आहे. एनव्हिडिया कंपनीचे 'जीटी १०३०' हे कार्ड २०१७ मध्ये आले. त्यावर जीडीडीआर-५ जातीची २ जीबी मेमरी होती. वाट ६४ बिटांची, वेग ६ गिगाबिट. म्हणून धार ८ × ६ = ४८ जीबी दर सेकंदास. २०१८ मध्ये त्याच नावाचे दुसरे कार्ड निघाले. मेमरी तितकीच, २ जीबी, परंतु साध्या डीडीआर-४ जातीची. वेग २.१ गिगाबिट. धार ८ × २.१ = १६.८ जीबी. खोक्यावर नाव एक आणि जीबीही तेवढेच. धार मात्र जवळजवळ एक तृतीयांश! म्हणून दुकानात 'किती जीबी?' या प्रश्नाबरोबर 'कोणत्या जातीची आणि किती बिटांची?' हेही अवश्य विचारावे.

सामायिक मेमरी

पुष्कळ संगणकांत निराळे ग्राफिक्स कार्ड नसतेच. चित्रे काढणारा भाग मुख्य प्रोसेसरच्या पोटात असतो आणि तो रॅममधलीच जागा वापरतो. विंडोजच्या संगणकात १६ जीबी रॅम असेल, तर 'सामायिक ग्राफिक्स मेमरी ८ जीबी' असे दिसते. ही ८ जीबी कोठून वेगळी आलेली नसते. रॅममधून गरजेप्रमाणे घेण्याची ती कमाल मर्यादा असते. हा आकडा दाखवून कोणी 'आठ जीबी ग्राफिक्स' म्हणत असेल, तर त्याचा अर्थ आपण जाणून असावे.

अशा संगणकात पैसे घालण्याची योग्य जागा रॅम ही होय. डीडीआर-४ जातीची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदास २५.६ जीबी माहिती देते. दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या, तर ५१.२ जीबी. एकाच खर्चात टाकीही मोठी होते आणि नळही दुप्पट होतो. आणखी एक मुद्दा. आजच्या कार्डावरील मेमरी डाग देऊन पक्की बसविलेली असते. १९९० च्या दशकाप्रमाणे पुढे चिप वाढविता येत नाही. डेस्कटॉपमध्ये निदान संपूर्ण कार्ड बदलता येते. लॅपटॉपमध्ये बहुधा तेही शक्य नसते. रॅम मात्र अनेक संगणकांत मागाहून वाढविता येते. ती वाढविता येईल का, हे घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

कपाशीच्या पानाचे गणित

वाढीव मेमरी खरोखर उपयोगी पडते असे एक क्षेत्र आता शाळा-महाविद्यालयांपर्यंत आले आहे. ते म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. समजा, कपाशीच्या पानाच्या छायाचित्रावरून रोग ओळखण्यास संगणकाला शिकवावयाचे आहे. त्यासाठी 'रेसनेट-५०' ही २०१५ मधील प्रसिद्ध रचना घेऊ. तिच्यात सुमारे २ कोटी ५६ लाख संख्या असतात. प्रत्येकी चार बाइट धरल्यास १०२ एमबी. शिकविताना प्रत्येक संख्येबरोबर तिच्यात किती बदल करावयाचा याचा हिशेब ठेवावा लागतो. प्रचलित पद्धतीत त्यामुळे चौपट, म्हणजे सुमारे ४१० एमबी लागतात. इतके तर दोन जीबीतही मावेल.

पण खरी जागा मधल्या आकडेमोडीस लागते. २२४ × २२४ बिंदूंच्या एका चित्रावर पहिल्या थराची क्रिया झाली, की ११२ × ११२ × ६४ = ८,०२,८१६ संख्या तयार होतात. ३२ पानांची छायाचित्रे एका वेळी दिली, तर या एकाच थराचे १०३ एमबी होतात आणि असे पन्नासच्या आसपास थर असतात. पुढचे थर लहान होत गेले तरी एकूण दोन-तीन जीबी सहज लागतात. मेमरी कमी असेल तर? ३२ ऐवजी ८ चित्रे एका वेळी द्यावीत. मधली जागा चौथाई होईल, वेळ मात्र जास्त लागेल. म्हणजे येथे मेमरीची उणीव वेळ देऊन भरून काढता येते. विद्यार्थ्याजवळ पैशापेक्षा वेळ अधिक असतो, हे विसरू नये. 'गूगल कोलॅब'सारख्या सेवेत दूरच्या संगणकावरील ग्राफिक्स कार्ड काही मर्यादेत विनामूल्य वापरावयासही मिळते.

याउलट काही कामे एकतर मावतात किंवा मावत नाहीत. ७०० कोटी संख्यांचे भाषेचे प्रारूप प्रत्येकी दोन बाइटांनी साठविले, तर १४ जीबी होते. प्रत्येकी चार बिटांत दाबून बसविले, तर ३.५ जीबी. आकडेमोडीची जागा निराळी धरली, तर ते ४ जीबीच्या कार्डावर अडते आणि ८ जीबीच्या कार्डावर चालते. अशा कामासाठी चारऐवजी आठ जीबी घेणे हा योग्य खर्च होय.

शाळेने काय करावे?

शिक्षकांनी आणखी दोन आकडे लक्षात घ्यावेत. पूर्ण काम करीत असताना एखादे कार्ड १०० वॅट वीज घेते असे धरू. रोज ५ तास आणि वर्षाचे २०० दिवस ते तसे चालले, तर १०० युनिट होतात. वीस संगणकांचे २,००० युनिट. ही सर्व वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीत येते. वीस कार्डांचे २,००० वॅट म्हणजे एक-एक हजार वॅटच्या दोन शेगड्या खोलीत पेटवून ठेवण्यासारखे आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांपाशी असताना, ही भर नकोशीच. वीज गेल्यावर बॅटरीही तितकी लवकर संपणार.

म्हणून वीस संगणकांना प्रत्येकी लहान कार्ड देण्यापेक्षा एकाच संगणकास चांगले, पुरेशा मेमरीचे कार्ड द्यावे. उरलेल्या एकोणीस संगणकांत रॅमच्या दोन-दोन पट्ट्या आणि जलद साठवणीसाठी एसएसडी बसवावी. टंकलेखन, प्रोग्रॅमिंग, गणिती आलेख ही कामे सर्वांवर होतील. त्रिमितीय किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम त्या एका संगणकावर पाळीपाळीने करता येईल.

स्वतः मोजून पाहा

अंदाजापेक्षा मोजमाप केव्हाही चांगले. आपण करणार असलेले काम ज्या संगणकावर चालते असा मित्राचा किंवा शाळेचा निराळे कार्ड असलेला संगणक शोधा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात 'जीपीयू' निवडा. तेथे 'डेडिकेटेड' म्हणजे कार्डाची स्वतःची, आणि 'शेअर्ड' म्हणजे रॅममधून घेतलेली, असे मेमरीचे दोन आकडे दिसतील. काम चालू असताना दर पाच मिनिटांनी ते वहीत उतरवा.

काम संपेपर्यंत स्वतःची मेमरी तीन चतुर्थांशाच्या आत राहिली, तर वाढीव मेमरीस पैसे देण्याचे कारण नाही. ती भरून गेली, शेअर्डचा आकडा चढू लागला आणि काम अडखळू लागले, तर मेमरी कमी पडते आहे असे समजावे. नुसती भरलेली दिसली एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. मोकळी जागा दिसली की पुढे लागेल म्हणून माहिती आणून ठेवण्याची अनेक प्रोग्रॅमना सवय असते. पाणी आले की आपणही घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवतोच की!

आता दुकानदाराच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. लिहिणे, वाचणे, शिकणे आणि पाहणे एवढेच काम असेल, तर वाढीव ग्राफिक्स मेमरी घेऊ नये. ते पैसे रॅममध्ये घालावेत. काम त्रिमितीय चित्रणाचे वा कृत्रिम बुद्धिमत्तेचे असेल, तर त्या कामाचा गुणाकार करावा. उत्तर चार जीबीच्या पलीकडे जात असेल तर आठचे कार्ड घ्यावे आणि घेताना मेमरीची जात व वाटेची रुंदी पाहून घ्यावी.

स्वाध्याय

१. पडद्यावर ३८४० × २१६० चित्रबिंदू आहेत. दर बिंदूला ४ बाइट लागत असल्यास एका चित्रास किती बाइट लागतील? २ जीबीमध्ये अशी किती संपूर्ण चित्रे मावतील?

२. एका कार्डावरील मेमरीची वाट १२८ बिटांची व वेग १४ गिगाबिट आहे. दुसऱ्याचा वेग तोच, पण वाट ६४ बिटांची आहे. दोन्हींची धार काढा.

३. ३०० कोटी संख्यांच्या प्रारूपास प्रत्येकी दोन बाइट दिल्यास किती जागा लागेल? चार बिट दिल्यास किती? ४ जीबीच्या कार्डावर यांपैकी कोणते मावेल?

४. एका आवडत्या खेळात टेक्स्चर 'निम्न', 'मध्यम' व 'उच्च' ठेवून मेमरीचे आकडे नोंदवा आणि त्यांचा आलेख काढा.

उत्तरे : (१) ३,३१,७७,६०० बाइट, ६४ चित्रे. (२) २२४ जीबी व ११२ जीबी दर सेकंदास. (३) ६ जीबी, १.५ जीबी; दुसरे मावेल.